कोवारिकचा पिक्चर

गेनबाने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि म्हणाला, "ऐक. आन् मला सांग, ह्ये कुणाचं हाय."

फोनमधून एक तरुण आवाज बोलू लागला. मागे हलकं संगीत होतं. "मित्रांनो, या चित्रपटातल्या नावाड्याच्या तोंडाकडे बघू नका. तोंडाने तो खोटं बोलतो. त्याच्या मानेकडे बघा. दुसरा माणूस नाव सोडून जातो, तेव्हा ती मान काय करते ते बघा. आणि हा एकट्याने बघू नका. ज्याच्याशी भांडण झालंय त्याला शेजारी बसवून बघा."

रविराजच्या हातातला कप हातातच राहिला. आवाज तेजसचा होता. शब्द आमोदचे होते. याच स्वयंपाकघरात उभं राहून, याच क्रमाने, आमोदने ते फोनमध्ये सांगितले होते. तेव्हा रविराज मागे कांदा चिरत होता आणि म्हणाला होता, "हळू बोल, शेजारी ऐकतील." आमोद म्हणाला होता, "ऐकू दे की. त्यांनाही पिक्चर बघू दे."

"'मित्रांनो' तेवढं त्याचं आहे," रविराज म्हणाला. "बाकी सगळं चोरून राहिला."

"मला वाटलंच," गेनबा म्हणाला आणि फोन बंद केला.

आमोद गद्रे बँकेत होता, पण बँकेत तो पगारापुरताच होता. त्याचं खरं काम पिक्चर शोधणं. पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषांचे, बाईवर जीव लावणाऱ्या बायकांचे पिक्चर. तो त्यांना 'आपले पिक्चर' म्हणायचा. कुठल्या कुठल्या देशांतून हुडकून आणायचा, आणि ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांच्यासाठी खाली मराठी ओळी स्वतः लिहायचा. रविवारी दुपारी वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून तो ते दाखवायचा. येणाऱ्यांत कॉलेजातली मुलं असत, आयटीतले असत, एक निवृत्त तहसीलदार असत. आणि धायरीचा गेनबा असे. त्याची रोपांची नर्सरी होती, त्याला नातवंडं होती, आणि रविवारी तो घरी सांगून यायचा की खताच्या दुकानात चाललोय.

ज्यांना येता येत नसे त्यांच्यासाठी आमोद व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोलून पाठवायचा. त्याची पद्धत ठरलेली होती. गोष्ट थोडक्यात सांगायची, शेवट कधीच सांगायचा नाही. कशाकडे बघायचं ते एकच सांगायचं. आणि शेवटी, हा कुणाबरोबर बघायचा ते. "आपल्या माणसांना पिक्चर मिळतात रे," तो म्हणायचा, "बरोबर बसायला माणूस मिळत नाही."

रविराज मेश्राम स्वतः पिक्चरवाला नव्हता. तो मूळचा चंद्रपूरकडचा, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लेथवर लोखंड कातायचं काम करायचा. रविवारी तो चिवडा करायचा, चहा करायचा, आणि दिवे बंद झाले की मागच्या खुर्चीत झोपून जायचा. आमोद मध्येच येऊन त्याला हलवायचा. "घोरू नकोस, माणसं एवढ्या लांबून मरायला आलीत पडद्यावर." पिक्चर रविराजने बघितले नाहीत. त्याने ते आमोदकडून ऐकले. जेवताना, भांडी घासताना, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर मागे बसून.

गेल्या उन्हाळ्यात आमोद आजारी पडला आणि दवाखान्यातच त्याचं हृदय बंद पडलं. तिथून त्याला परस्पर नारायण पेठेत नेलं, त्याच्या थोरल्या भावाच्या, बाळच्या घरी. तेराव्याला रविराजला बोलावणं नव्हतं. पुढे सिनेमावाल्या मंडळींनी एक शोकसभा घेतली. तिथे तेजस बोलायला उभा राहिला. हा तेजस चार वर्षं रविवारी वारज्याला येत होता. चिवड्यातले दाणे निवडून खायचा म्हणून रविराज त्याच्या वाटीत दाणे जास्त घालायचा. तो माइकवर म्हणाला, "आमोदकाकांचे रूममेट रविराजकाकाही आज इथे आले आहेत."

सगळ्यांनी वळून बघितलं. ज्याला आता नवी खोली शोधावी लागणार, अशा माणसाकडे बघतात तसं बघितलं.

कारखान्यात बायको गेलेल्या माणसाला महिनाभर कुणी ना कुणी डबा आणून देतं. सुपरवायझर त्याला रात्रपाळी लावत नाही. रविराजला सुपरवायझरने विचारलं, "मग, भाडं एकट्याला परवडतं का?" विधुर हा शब्द त्याच्यासाठी कुणी वापरला नाही. त्याने स्वतः एकदा अंघोळ करताना तो मोठ्याने म्हणून बघितला, आणि मग बराच वेळ नळ बंद केला नाही.

आता हा तेजस स्वतःच्या पॉडकास्टवर, लोकांच्या फोनमधून आमोदचं बोलणं विकत बसला होता.

"माझ्या नर्सरीत दोन गडी हायेत," गेनबा म्हणाला. "येकाला धाडतो. त्या पोराचं तोंड जरा दुरुस्त करून देईल."

"दुरुस्त झाल्यावर पुन्हा त्याच तोंडाने बोलेल."

"मग काय करणार? नुसतं ऐकत बसणार?"

"आधी विचारतो त्याला," रविराज म्हणाला.

त्याने फोन केला तर तेजस स्वतःच भेटायला येतो म्हणाला. आला तो हसत, हातात बाकरवडीचा पुडा घेऊन. आमोदच्या खुर्चीत बसला. ती आमोदची खुर्ची आहे हे त्याला माहीत होतं.

"काका, कसे आहात? बारीक झालात."

"तेजस, तू त्या कार्यक्रमात जे बोलतोस ते आमोदचं आहे."

"इन्स्पिरेशन तर त्यांचंच आहे ना काका. मी कुठे नाही म्हणतोय."

"इन्स्पिरेशन नाही. शब्द. त्याचं नाव घे. मला दुसरं काही नको. सुरुवातीला एकदा म्हण, हे आमोद गद्रे यांनी शोधलं, यांनी सांगितलं. बस."

तेजसने बाकरवडीचा पुडा स्वतःच फोडला. "काका, कन्टेन्ट असा कुणाच्या मालकीचा नसतो. चांगल्या गोष्टी पुढे गेल्या पाहिजेत. आणि आता फॉरमॅट सेट झालाय. मध्येच दुसरं नाव आणलं तर ऑडियन्स कन्फ्यूज होते. तुम्ही टेक्निकल माणूस आहात, तुम्हाला हे कळणार नाही. म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत."

"खरं सांगू का? मी वेगळ्याच कामासाठी आलोय." तो पुढे सरकला. "ग्रुपवरचं सगळं संपत आलंय. काका तुमच्याशी तर रोज बोलत असतील. ग्रुपवर न टाकलेलं असं काही आठवतंय का? एखादा जरी असला तरी चालेल."

त्याला हाताला धरून बाहेर काढावं असं रविराजला वाटलं. तसं केलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो उठला, ओट्यापाशी गेला आणि चहाचं पाणी ठेवलं. पाठ तेजसकडे होती. पाणी उकळेपर्यंत त्याचं ठरलं.

"एक आहे," तो म्हणाला. "आमोदने कुठल्याशा फेस्टिवलला पाहिला होता, फार पूर्वी. नंतर म्हणे तो कुठेच मिळाला नाही. त्याच्याबद्दल फार बोलायचा."

"नाव?"

"नाव आठवत नाही. करणारा माणूस चेक होता. कोवारिक."

तेजसचे डोळे क्षणभर भिंतीकडे गेले आणि परत आले. "अरे हो, कोवारिक! माहितीये मला. त्याचा तो... हो हो."

कोवारिक हे नाव रविराजच्या टूलरूममधल्या जुन्या चेक लेथच्या पितळी पाटीवर होतं. ते मशीन कंपनीने भंगारात काढलं होतं.

तेव्हा रविराजला कळलं की हे जमणार. पुण्यातल्या या सिनेमावाल्यांना तो इतकी वर्षं चहा देत होता. त्यांच्यात कुणीही, कधीही, 'मी हा पाहिला नाही' असं म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्यातल्या त्यात प्रामाणिक माणूस म्हणायचा, 'मध्यंतरापर्यंत पाहिलाय.'

"सांगा ना," तेजस म्हणाला. फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला होता. रेकॉर्डिंग चालू असणार हे रविराजला ठाऊक होतं.

रविराजला गोष्टी रचता येत नव्हत्या. म्हणून त्याने जे होतं तेच सांगितलं, फक्त देश बदलला.

"दोन माणसं आहेत. एक काचेच्या कारखान्यात, एक बँकेत. एका घरात राहतात. लोकांना वाटतं चुलतभाऊ असतील. बँकेतला आजारी पडतो. दुसरा त्याला दवाखान्यात नेतो. तिथं खिडकीवरची बाई विचारते, तुम्ही पेशंटचे कोण? हा म्हणतो, मावसभाऊ. दुसऱ्या दिवशी खिडकीवर वेगळी बाई असते, तीही विचारते. हा घाबरून म्हणतो, घरमालक. मग एकदा म्हणतो, ऑफिसातला. दर वेळी त्याला सोडतात, पण आत जायचं अंतर कमी होत जातं. मावसभावाला खाटेपर्यंत सोडलं. घरमालकाला दारापर्यंत. ऑफिसातल्याला बाहेरच्या काचेपर्यंत."

"वॉव," तेजस हळूच म्हणाला.

"पिक्चरभर एवढंच आहे. शेवटी पुन्हा एकदा खिडकीवर विचारतात, तुम्ही कोण."

"मग तो काय म्हणतो?"

"शेवट आमोद सांगत नसे." रविराजने कप त्याच्यासमोर ठेवला. शेवट त्याला माहीत होता. तो तेजसला द्यायचा नव्हता.

"बरोबर, बरोबर. आणि बघायचं कशाकडे?"

"त्याच्या पिशवीकडे. पिशवीत डबा असतो. जाताना भरलेला. येतानाही भरलेला."

"आणि कुणाबरोबर बघायचा?"

हे त्याने ठरवलं नव्हतं. गद्र्यांच्या घरात रविराजला ताट वाढणारी एकच बाई होती, आमोदची आई, आणि ती आमोदच्याही आधी गेली. "आईबरोबर," तो म्हणाला. "हा आईबरोबरच बघायचा."

तेजस गेल्यावर रविराजने राहिलेल्या बाकरवड्या खिडकीबाहेर चिमण्यांना घातल्या. चिमण्यांनी खाल्ल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तेजसचा भाग आला. "मित्रांनो, हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी प्रागमध्ये होतो. बाहेर बर्फ पडत होता. थिएटरमध्ये आम्ही मोजकेच लोक. कोवारिकचं हे काम फारसं कुणाला माहीत नाही..." पुढे डबा होता, पिशवी होती, मावसभाऊ, घरमालक, सगळं होतं. बर्फ तेवढा तेजसचा होता.

"ह्यो कधी परागला गेल्ता?" गेनबाने विचारलं.

"ठाण्याला गेला होता एकदा. लग्नाला."

तेजसचा एवढा ऐकला गेलेला भाग दुसरा नव्हता. खाली लोकांनी लिहिलं होतं. एकाने लिहिलं, ऐकून रडू आलं. एकाने लिहिलं, मी हा खूप वर्षांपूर्वी पाहिलाय, पुन्हा आठवण करून दिल्याबद्दल आभार. एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की कोवारिकचा आधीचा चित्रपट यापेक्षा जास्त प्रगल्भ होता. गेनबा ते वाचून खुर्चीतून पडायचा राहिला.

"म्या बी टाकू का? की म्या धायरीला पाह्यला, तंबूत?"

रविराज हसला नाही. तो वाट बघत होता. दुधाची पिशवी घेताना, मशीनवर टूल बसवताना, बसच्या रांगेत, त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. तेजस उभा आहे, समोर माणसं आहेत, आणि तेजसला जायला जागा नाही. आमोद गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला भूक लागायला लागली होती.

दोन महिन्यांनी तेजसने कार्यक्रम जाहीर केला. नदीकाठच्या एका लहान सभागृहात, संध्याकाळी, 'कोवारिक आणि आपण'. तेजस चित्रपटाबद्दल बोलणार, मग प्रश्नोत्तरं. प्रवेश सर्वांना खुला.

रविराजने आमोदचा निळा शर्ट इस्त्री केला. खांद्यात तो त्याला सैल होत होता. गेनबा धायरीहून धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून आला. "घरी काय सांगितलंस?" रविराजने विचारलं. "सांगितलं, कीर्तनाला चाललोय," तो म्हणाला.

सभागृह भरलं होतं. उशिरा आलेली मुलं भिंतीला टेकून उभी होती. तेजस काळा कुर्ता घालून स्टेजवर बसला होता. तो छान बोलला. तसा तो नेहमीच छान बोलायचा. डब्याबद्दल बोलताना त्याचा आवाज भरून आला, आणि समोरच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे पुसले. रविराज मधल्या रांगेत बसून ऐकत होता. आपल्या डब्याबद्दल ऐकत होता. त्यात दुधी होता, आमोदला आवडायचा नाही तरी डॉक्टरांनी सांगितला म्हणून केलेला.

मग प्रश्न सुरू झाले. एका मुलाने विचारलं, "सर, पिक्चर तर कुठेच मिळत नाही. निदान शेवट सांगा ना. तो शेवटी काय म्हणतो?"

तेजसने डोळे मिटले. "खरं तर शेवट मी कधी सांगत नाही. पण आज सांगतो. तो काहीच म्हणत नाही. कॅमेरा हळूहळू खिडकीकडे जातो. बाहेर बर्फ पडत असतो. आणि काळोख."

सभागृहात सुस्कारा उमटला. रविराज उभा राहिला. माइक घेऊन फिरणारी निळ्या केसांची मुलगी त्याच्याकडे आली.

"मला एक विचारायचंय. हा पिक्चर तुम्ही कुठं पाहिला?"

तेजसने त्याला ओळखलं. चेहरा जरा हलला, पण हसू राहिलं. "काका! या ना. सांगितलं ना मी, प्रागला."

"थिएटरात?"

"हो."

"कोवारिकने काढलेला?"

"हो, काका."

"कोवारिक पिक्चर काढत नाही," रविराज म्हणाला. "कोवारिक लोखंडाला आटे पाडतो. आमच्या भोसरीच्या टूलरूममध्ये उभा आहे. हिरव्या रंगाचा लेथ. मागच्या बाजूने तेल गळतं. बघायचा असेल तर लवकर या, भंगारवाला येऊन गेलाय."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एकजण हसला, आणि हसू रांगारांगांतून पुढे आलं.

"हा पिक्चर नाहीच," रविराज म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी माझ्या स्वयंपाकघरात चहा करताना तो सांगितला. याने तो प्रागला जाऊन पाहिला. याने बाकीचे जे सांगितले ते पिक्चर खरे आहेत, ते तुम्ही सगळे बघा. पण तेही याने शोधलेले नाहीत. ते आमोद गद्रेने शोधले. गेनबा, लाव."

गेनबाने फोन माइकपाशी धरला. आमोदचा आवाज सभागृहात आला, थोडा घोगरा, मागे सुरीचा टकटक आवाज. "या पिक्चरमधल्या नावाड्याच्या तोंडाकडे बघू नका. तोंडाने तो खोटं बोलतो. त्याच्या मानेकडे बघा..."

लोकांना ते वाक्य पाठ होतं. त्यांनी ते तेजसच्या आवाजात ऐकलं होतं. हळूहळू हसणं थांबलं. तेजस स्टेजवर बसून होता. उठावं तर सगळ्यांसमोरून जावं लागणार होतं. त्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. रविराजने ते सगळं नीट बघितलं. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं.

"आता नाव घे," तो म्हणाला. "इथं, सगळ्यांसमोर. आणि आमोदचा मी कोण, तेही सांग. मागच्या वेळी तू रूममेट म्हणाला होतास."

आणि तेजसचा बांध फुटला. "मला का धरताय काका? मी सुरुवातीला नाव घेणार होतो! पहिल्या भागात होतं त्यांचं नाव! बाळकाका माझ्या घरी आले. म्हणाले, त्याचं हवं ते वापर, आमची हरकत नाही, पण गद्रे नाव या घाणीत आणायचं नाही. आणलंस तर वकील गाठीन. रूममेट म्हण, असंही त्यांनीच सांगितलं. शोकसभेच्या आदल्या दिवशी फोन करून. मी काय करायचं होतं? मी एकटा होतो!"

आपण उभे आहोत हे रविराजच्या लक्षात आलं, आणि हातातला माइक जड आहे हेही. इतके दिवस त्याने ज्याला मारायचं ठरवलं होतं, तो माणूस स्टेजवर नाक पुसत होता. मारलं तर होतंच. पण ज्याने आमोदला पुसून काढायला सांगितलं, तो या वेळी घरात बसून टीव्ही बघत असणार.

"नाव घ्यायला तुला कुणी अडवलं असेल," तो तेजसला म्हणाला. "पण बर्फ पाडायला कुणी सांगितलं नव्हतं."

मग पुढच्या रांगेतून एक वृद्ध बाई उठल्या. पांढरी सुती साडी, हातात काठी. त्यांनी माइक घेतला नाही. त्यांच्या आवाजाला माइक लागत नव्हता.

"मी विमलाबाई भावे. शाळेची मुख्याध्यापिका होते, आता नाही. अहो, म्हणजे हा पिक्चर नाहीच?"

"नाही, बाई."

"माझा मुलगा रोहन कॅनडात असतो. त्याने मला हा भाग पाठवला आणि खाली लिहिलं, आई, आपण हा दोघं मिळून बघू. पस्तिशीचा मुलगा आईला एवढंच लिहून पाठवतो, तेव्हा तो काय सांगतोय ते आईला कळतं. दोन महिने मी तो पिक्चर शोधतेय. लायब्ररीत विचारलं, सीडीवाल्याला विचारलं. त्याने मला साईबाबांची दिली." कुणी तरी हसलं, त्यांनी त्या दिशेला बघितलं आणि हसणं थांबलं. "म्हणजे माझ्या मुलाने मला आयुष्यातली मोठी गोष्ट सांगितली, ती एका लेथ मशीनच्या भरवशावर."

तेजसची फजिती करताना ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर उडेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "माफ करा," तो म्हणाला.

"माफी नको. सोमवारी त्याचा फोन येतो, तेव्हा मी त्याला काय सांगू ते सांगा. हा जो माणूस डबा घेऊन जातो, तो तर खरा आहे ना?"

"खरा आहे."

"मग शेवटी तो काय म्हणाला? ते बर्फबिर्फ सोडून द्या."

सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. आमोदच्या शर्टाची बाही त्याच्या मनगटावर आली होती, ती त्याने मागे सारली.

"तो म्हणणार होता," रविराज म्हणाला. "त्या दिवशी त्याने ठरवलं होतं. खिडकीवरच्या बाईने विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात बाजूला पेशंटचा भाऊ येऊन उभा राहिला. भावानेच उत्तर दिलं. म्हणाला, हे शेजारी आहेत आमचे, मदतीला आलेत. मग याच्याकडे वळून म्हणाला, थँक्यू हं, आता आम्ही बघतो. पेशंट तोवर गेला होता. याला काचेपर्यंतही सोडलं नाही."

निळ्या केसांची ती मुलगी माइक परत घ्यायला आली होती, ती तशीच त्याच्या शेजारी उभी राहिली.

"हा भाऊ म्हणजे याने आत्ता सांगितले तेच बाळकाका का?" विमलाबाईंनी काठीने स्टेजकडे, तेजसकडे खूण केली.

"तेच."

"राहतात कुठं?"

"नारायण पेठेत."

विमलाबाईंनी पर्स काखेत घेतली. "म्हणजे इथून दोन वळणांवर."

"बाई, तुम्ही..."

"अहो, दोन महिने पिक्चर शोधलाय मी. शेवट न बघता घरी जाऊ की काय?"

गेनबाने टोपी नीट केली. "मी बी येतो. कीर्तन लवकर सुटलं म्हनून सांगीन."

ते तिघं बाहेर पडले. मागे सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज झाले. आणखी काहीजण उठले होते, पण ते मागून येतायत की घरी चाललेत ते रविराजने वळून बघितलं नाही. रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. विमलाबाई काठी आडवी धरून रस्त्यात उतरल्या आणि गाड्या थांबल्या.

"तिथं गेल्यावर काय म्हणणार?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"ठरवू नका. मागच्या वेळी ठरवून गेला होतात ना? त्याचं काय झालं?" त्या थांबल्या, गुडघा चोळला, पुन्हा चालू लागल्या. "जेवायला बसले असतील या वेळी. बरं आहे, सगळे एका जागी सापडतील. कितवा मजला?"

"दुसरा. लिफ्ट नाही."

"मग मला धरा," विमलाबाई म्हणाल्या. "आणि घंटी मी वाजवते. म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर दार लावायला पेठेतला माणूस जरा विचार करतो. तेवढ्यात तुम्ही आत शिरा."